टू-स्ट्रोकला इंजेक्शन बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात टू-स्ट्रोकचा आवाज अजून थांबलेला नाही. रानात फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रं चालू असतात, गॅरेजच्या कोपऱ्यात यामाहाची जुनी आरएक्स-१०० उभी असते, आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एखादं इंजिन खोललेलं असतं. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन (विजेच्या इंजेक्टरने मोजून पेट्रोल फवारणं) लावलं तर काय होईल, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी निघतो. लावता येतं, चांगलं चालतंही. फक्त त्यातून काय मिळणार आणि काय नाही, याचा हिशेब इंजिन खोलायच्या आधी मांडायचा.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येतो तेव्हा ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिश्रण आत यायची भोकं) आणि एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) काही काळ एकाच वेळी उघडे असतात. ताजं मिश्रण आत येऊन जळका धूर बाहेर ढकलतं आणि ढकलता ढकलता त्यातलं काही स्वतःच सायलेन्सरमध्ये निघून जातं. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलचा चौथा ते तिसरा हिस्सा असा न जळता जातो. कार्ब्युरेटर असो वा इंजेक्टर, पेट्रोल क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीच्या) आधी हवेत मिसळलं की ही गळती होणारच. इंजेक्शनने मोजमाप सुधारतं, थंडीत गाडी लवकर सुरू होते, अर्ध्या थ्रॉटलला खेच सरळ मिळते. गळती थांबवायची असेल तर एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर पेट्रोल सोडावं लागतं, आणि ते काम वेगळंच आहे.

पेट्रोल कुठे सोडायचं

सगळ्यात सोपी जागा म्हणजे थ्रॉटल बॉडी (हवेचं तोंड कमी-जास्त उघडणारा भाग), रीड व्हॉल्व्हच्या (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्यांच्या) आधी. पंपाचा दाब ३ बार. बीएस-६ मोटरसायकलचे सुटे भाग इथे चालून जातात. पेट्रोल क्रँककेसमधून जातं, त्यामुळे बेअरिंगला थंडावाही मिळतो. केटीएमने २०२४ च्या एंड्युरो (कच्च्या रस्त्यांच्या) मॉडेलांपासून हीच पद्धत घेतली.

दुसरी जागा ट्रान्सफर पोर्ट. केटीएमनेच २०१७ मध्ये २५० आणि ३०० सीसी एंड्युरोत मागच्या दोन ट्रान्सफर पोर्टांवर एकेक इंजेक्टर लावला होता. यात गळती कमी होते, पण पेट्रोल क्रँककेसमध्ये जवळजवळ जात नाही. म्हणून ऑइल वेगळ्या पंपाने क्रँकपर्यंत पोचवावंच लागतं. ब्लॉकला भोक पाडायचं, इंजेक्टरचा कोन जमवायचा आणि वेळही साधायची. पहिल्या प्रयत्नाचं हे काम नव्हे. अनुभवी कंपनीलाही इंजेक्शन पटकन जमत नाही: बिमोटाची १९९७ ची ५०० व्ही-ड्यू इंजेक्शनमुळेच बदनाम झाली आणि पुढे तिला कार्ब्युरेटर बसवावे लागले.

तिसरी पद्धत थेट सिलिंडरमध्ये. एव्हिनरूडच्या बोटींची ई-टेक इंजिनं आणि ऑर्बिटल कंपनीचं हवेच्या मदतीने फवारणारं तंत्र ही त्याची उदाहरणं. बजाजने २००७ च्या सुमारास ऑर्बिटलचं तंत्र घेऊन टू-स्ट्रोक रिक्षातही ते आणलं होतं. ते घरी का जमत नाही, याचं गणित करून बघा. एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्यापासून स्पार्क पडेपर्यंत क्रँकला साधारण ७० अंश मिळतात. ७५०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ४५ अंश फिरतो. म्हणजे हातात जेमतेम दीड मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं पेट्रोल सोडायचं, त्याचे बारीक थेंब करायचे आणि त्याची वाफही व्हायला हवी. ३ बारचा पंप आणि मोटरसायकलचा साधा इंजेक्टर इथे काही कामाचा नाही.

गवत कापायचं यंत्र किंवा फवारणी पंप, म्हणजे २५ ते ५० सीसी, यांच्या नादी लागू नका. पंपाला लागणारी वीजच त्या इंजिनाला जड जाते. स्टिल कंपनीने २०१२ मध्ये टीएस ५००आय कटर आणि २०१९ मध्ये ७९.२ सीसीची एमएस ५००आय करवत इंजेक्शनवर आणली. बॅटरी नाही, वीज इंजिनच करतं. पण ते इंजिन, मॅग्नेट आणि इंजेक्टर एकमेकांसाठीच आखलेले आहेत. सुटे भाग जोडून ते उभं राहत नाही.

तेव्हा पुढचं सगळं थ्रॉटल बॉडीच्या पद्धतीबद्दल आहे. उदाहरणाला ९८ सीसीचं, रीड व्हॉल्व्हचं, ११ पीएसचं आरएक्स-१०० इंजिन धरलं आहे. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. हे काम टेस्ट स्टँडवर, प्रोजेक्टच्या इंजिनावर किंवा खाजगी मैदानात करा.

आधी इंजिन तपासा

क्रँक सील गळत असेल तर जगातला कुठलाही ईसीयू (इंजेक्टर चालवणारा छोटा संगणक) ते इंजिन सरळ चालवू शकत नाही. कुठून तरी फुकटची हवा आत येते आणि तुम्ही आठवडाभर मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) बदलत बसता. म्हणून एक्झॉस्ट आणि इनलेट रबरी बुच्च्यांनी बंद करा, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने ०.४ बार हवा भरा आणि गेजकडे बघत राहा. मिनिटाला ०.०५ बारपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. मॅग्नेटच्या बाजूचं सील, बेस गॅस्केट आणि रीडच्या खालचं गॅस्केट हे नेहमीचे गुन्हेगार.

रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून बघा. टोकाला फट दिसली की बदला. मग इंजिन कार्ब्युरेटरवरच एकदा नीट चालवून घ्या. कार्ब्युरेटर पेटीत जपून ठेवा, लागेल.

वीज

इथेच बरेच प्रोजेक्ट अडकतात. पंप सुमारे २ अँपिअर खातो, इंजेक्टर सरासरी अर्धा, ईसीयू आणि सेन्सर मिळून आणखी थोडं. एकूण ३ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला ३६ वॅट. जुन्या मॅग्नेट कॉइलमधून हेडलाइट सांभाळून एवढं निघत नाही. डीसी क्लॅम्प मीटर लावून ३००० आरपीएमला बॅटरीत खरंच किती करंट जातो ते मोजा. कमी पडत असेल तर लाइटिंग कॉइल जास्त वेढ्यांची करून घ्या, फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर लावा आणि हेडलाइट एलईडी करा. टेस्ट स्टँडवर हा प्रश्नच नाही, मोठी बॅटरी आणि चार्जर ठेवला की झालं.

पेट्रोलची लाइन

जुनी टाकी आतून गंजलेली असते. कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणारा कण इंजेक्टरमध्ये अडकतो. टाकी धुवून घ्या, पंपाच्या आधी जाडसर जाळी आणि पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर लावा. पंप बाहेर बसवणार असाल तर तो टाकीच्या तळापेक्षा खाली हवा. हे पंप पेट्रोल ढकलतात, ओढण्यात कच्चे असतात. ओढायला लावलं की उन्हात आतल्या आत वाफ धरते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही. पंपानंतर इंजेक्टर, मग ३ बारचा रेग्युलेटर आणि तिथून टाकीत परतीची नळी. होस इंजेक्शनचीच घ्या, कार्ब्युरेटरची साधी नळी ३ बारला फुगते आणि एक दिवस क्लिपमधून सटकते, तीही नेमकी गरम सायलेन्सरवर. क्लिप गोल कडांच्या, स्क्रूच्या. शेजारी आग विझवायचा सिलिंडर हवाच.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही ते इथेनॉल बनतं, पण इंजिनाला त्याचं कौतुक नाही. त्याला साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. किती इथेनॉल आहे ते तपासायचं असेल तर १०० मिलीच्या मोजपात्रात ५० मिली पाणी आणि ५० मिली पेट्रोल घालून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ६० मिलीवर आला तर इथेनॉल २० टक्के. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात टाकीत पाणी शिरलं तर हेच टाकीत घडतं: इथेनॉल आणि पाणी तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच उचलतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी तरी करा, नाहीतर काठोकाठ भरा.

ऑइल

आरएक्सचा मूळ ऑइल पंप चालू असेल तर तो तसाच ठेवा, यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. पंप काढलेला असेल तर लिटरला २५ मिली, म्हणजे ४० ला १, प्रमाणाने ऑइल मिसळा. ऑइल जासो एफडी या जपानी दर्जाचं घ्या. नवीन ऑइल वापरण्याआधी काचेच्या बाटलीत त्याच पेट्रोलमध्ये मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी थर दिसला तर ते ऑइल इथे नको.

मिसळलेल्या ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात एक सेटिंग न चुकता बंद करायचं. चार-स्ट्रोकच्या ईसीयूत थ्रॉटल सोडला की पेट्रोल तोडायची सोय असते. उतारावर थ्रॉटल बंद, आरपीएम सहा हजार, आणि ईसीयूने पेट्रोल तोडलं, तर पेट्रोलबरोबर ऑइलही तुटतं. पिस्टन कोरडा फिरतो आणि घाट संपायच्या आत जॅम होतो.

इंजेक्टर केवढा

७५०० आरपीएमला ११ पीएस, म्हणजे ८.१ किलोवॅट. अशा इंजिनाचा खप किलोवॅट-तासाला ५०० ग्रॅम धरा. हा आकडा मुद्दाम वरचा घेतला आहे. तासाला ४०५० ग्रॅम, मिनिटाला ६७ ग्रॅम, घनता ०.७४ धरली की ९१ मिली. एका फेऱ्याला सुमारे १२ मायक्रोलिटर.

टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला पेट्रोल द्यायचं असतं. ७५०० आरपीएमला एक फेरा ८ मिलिसेकंदांचा. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही, म्हणजे ६.४ मिलिसेकंद. त्यातला सुमारे १ मिलिसेकंद सुई उचलण्यात वाया जातो. उरले ५.४. त्यात १२ मायक्रोलिटर, म्हणजे मिनिटाला १३५ मिलीचा इंजेक्टर. १४० ते १५० चा घ्या. चार-स्ट्रोकला दोन फेऱ्यांची सवड मिळते, म्हणून तिकडचे हिशेब इथे जसेच्या तसे लावू नका.

मोठा घेतलेला बरा, असं वाटेल. २५० चा लावून बघा: स्लोला (थ्रॉटल सोडून इंजिन नुसतं चालू असताना) त्याला अर्धा-पाऊण मिलिसेकंदच खरं काम उरतं. तेवढ्या वेळात कुठलाही इंजेक्टर दरवेळी सारखं माप देत नाही आणि गाडी स्लोवर कधीच बसत नाही.

दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. इंजेक्टरला ३ बार दाब आणि १३.५ व्होल्ट द्या, ईसीयूच्या टेस्ट मोडमधून ६ मिलिसेकंदांचे १००० झटके आणि मग ३ मिलिसेकंदांचे १००० झटके मोजपात्रात घ्या. समजा पहिल्यांदा ११.७ मिली आणि दुसऱ्यांदा ४.७ मिली आलं. फरक ७ मिली, ३ मिलिसेकंदांचा. म्हणजे झटक्याला मिलिसेकंदामागे २.३३ मायक्रोलिटर, मिनिटाला १४० मिली. आता ४.७ ला २.३३ ने भागा: २ मिलिसेकंद. झटका तर ३ चा होता. हरवलेला १ मिलिसेकंद हा त्या इंजेक्टरचा मृत वेळ. हेच १२ व्होल्टला पुन्हा करा, कारण व्होल्ट उतरला की हा वेळ वाढतो. हे मोजमाप उघड्यावर करा, आसपास बिडी-सिगारेट, ठिणगी काही नको.

बसवणं

थ्रॉटल बॉडीचा बोअर मूळ कार्ब्युरेटरएवढा किंवा एक-दोन मिलिमीटर मोठा, त्याहून मोठा नको. अ‍ॅडॅप्टर उद्यमबागेत किंवा मच्छेत कुठल्याही लेथवर अ‍ॅल्युमिनियममध्ये करून मिळतो. ड्रॉइंग देताना इंजेक्टरचा फवारा रीडच्या तोंडावर पडेल असा कोन द्या. भिंतीवर पडला तर पेट्रोल थेंब होऊन साचतं, थ्रॉटल उघडताना आधी उणीव आणि मग पूर येतो. ओ-रिंग व्हायटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची. बसवताना तिला ऑइलचा हात लावा, कोरडी दाबली की कापली जाते.

ईसीयू म्हणून स्पीडुइनो किंवा मायक्रोस्क्वर्ट चालतात. दोन्हींत टू-स्ट्रोकचा पर्याय आहे, तो निवडायचा विसरला तर पेट्रोल दर फेऱ्याला न पडता एकाआड एक पडतं. क्रँकवर २४ उणे १ दातांचं (२४ जागांपैकी एक दात रिकामा) चाक मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगाला बसवा. सेन्सर आणि दातात ०.८ ते १ मिलिमीटर फट. इग्निशन मूळ सीडीआयवरच (स्पार्क पाडणाऱ्या डब्यावरच) राहू द्या, पहिल्याच फेरीत दोन्ही बदललं तर चूक कुठली ते कळत नाही.

सीडीआयचा स्पार्क ईसीयूला वेड लावतो. आरपीएम मध्येच १२ हजार दाखवतो, इंजिन भकभकतं. रेझिस्टर प्लग आणि ५ किलोओहमची कॅप लावा, क्रँक सेन्सरला जाळीची वायर घ्या आणि तिची जाळी फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ करा. सगळ्या अर्थिंग एकाच बोल्टवर, इंजिनावर.

सेन्सर: थ्रॉटल पोझिशन, हवेचं तापमान, प्लगच्या वॉशरखालचं हेडचं तापमान आणि वातावरणाचा दाब. इनटेकमधल्या दाबावरून पेट्रोल ठरवायचा चार-स्ट्रोकचा मार्ग इथे डळमळतो, रीडच्या धडधडीने तो आकडा नाचत राहतो. म्हणून थ्रॉटल आणि आरपीएम यांच्या तक्त्यावर चालवा.

मॅप

थ्रॉटलचे टप्पे समान ठेवू नका. पहिल्या २० टक्क्यांतच बहुतेक हवा शिरते. ०, २, ४, ६, ९, १३, १८, २५, ४०, ६०, १०० असे घ्या. आरपीएमचे टप्पे ५०० चे, आणि सायलेन्सर जिथे खेचायला लागतो, साधारण साडेपाच ते साडेसात हजार, तिथे २५० चे. त्या पट्ट्यात हवा अचानक वाढते. तक्त्यात तिथे उंचवटा हवा. नवखा माणूस तक्ता गुळगुळीत करतो, उंचवटा पुसतो आणि पिस्टन घालवतो.

सुरुवातीला सगळीकडे हिशेबापेक्षा १० ते १५ टक्के जास्त पेट्रोल. इंजिन बडबडेल, धूर काढेल, पण मोडणार नाही. स्लोला १३०० ते १५०० वर ते एकसारखं फायर करणार नाही, एखादा फेरा सोडून फायर करेल. टू-स्ट्रोकचा तो स्वभाव आहे, तिथे डोकं लावू नका.

मग एकेक खण दोन टक्क्यांनी कमी करत या. इथे धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर फसवतो. पोर्टातून न जळता निसटलेली हवा त्याच्यावर आदळते आणि मिश्रण बरोबर असूनही तो पेट्रोल कमी पडतंय असं सांगतो. शिवाय ऑइलने तो लवकर मरतो. त्यापेक्षा पोर्टापासून सुमारे १०० मिलिमीटरवर धुराचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल लावा. ६५० अंशांजवळ आलं की हात आवरा. प्लगखालचं तापमान २०० ओलांडू लागलं तर थ्रॉटल सोडा आणि पेट्रोल वाढवा.

शेवटचा शब्द प्लगचाच. नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद ओढा, क्लच दाबता दाबताच इंजिन बंद करा. स्लोवर येऊ दिलं तर प्लग खोटं बोलतो. हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिका येतो, त्यामुळे भिंगाने पोर्सिलिनच्या मुळाशी, आत खोलवर, तपकिरी कडं आहे का ते बघा. मग प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथा बघा. ट्रान्सफर पोर्टांसमोर दोन स्वच्छ, धुतलेले पट्टे दिसायला हवेत. पट्टे नाहीत आणि माथा सगळाच कोरडा असेल, तर पेट्रोल कमी आहे.

चोर्ल्याची परीक्षा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. हवेचा दाब ९२-९३ किलोपास्कल. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करून गोव्यातल्या साखळीत उतरलात की तो १०१ होतो. हवा आठ-नऊ टक्के दाट. कार्ब्युरेटरमध्ये हवा दाट झाली की व्हेंचुरीतली (अरुंद घशातली) ओढही वाढते, पेट्रोल थोडं आपोआप वाढतं, आणि चूक निम्म्यावर, चारेक टक्क्यांवर येते. थ्रॉटल-आरपीएमच्या तक्त्याला हे काहीच कळत नाही. तो बेळगावच्या हवेचंच पेट्रोल देत राहतो आणि गोव्यात इंजिन पूर्ण आठ-नऊ टक्के उपाशी चालतं. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सेन्सर न लावलेलं इंजेक्शन इथे जुन्या कार्ब्युरेटरपेक्षाही वाईट. सेन्सर काही जणांना फालतू खर्च वाटतो. आपल्या भागात तरी तो सोडायचा नाही.

घाटात न जाताही तपासता येतं. ईसीयूवरच्या दाबाच्या सेन्सरला पारदर्शक नळी लावा आणि डॉक्टरी सिरिंजने हलकेच हवा दाबा. लॅपटॉपवर दाब ९२ चा १०१ झाला की चालू इंजिनाचा इंजेक्टर वेळ मृत वेळ वजा करून नऊ-दहा टक्क्यांनी वाढायला हवा. वाढला नाही तर ईसीयूत दाबाची दुरुस्ती बंदच आहे, किंवा तिचा तक्ता सगळीकडे १०० टक्के भरून ठेवलेला आहे. तो ९० किलोपास्कलला ९७, १०१ ला १०९ आणि मधे सरळ रेष असा भरा, कारण तुमचा मॅप ९२-९३ वर तयार झालाय. मग सिरिंज पुन्हा दाबून बघा.